गाविलगडच्या माथ्यावरचे डेरे

अमरावतीहून यवतमाळकडे निघालेला प्रवासी नांदगाव खंडेश्वर मागे टाकून नेरला पोहोचतो, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापसाची काळी जमीन पसरलेली असते आणि उंच डोंगराचा मागमूसही नसतो. तथापि या सपाट मुलखाचा गिरिशिखरांवरील मुक्कामांशी असलेला संबंध फार जुना आहे, कारण डेरा ज्या कापडाचा होतो त्याचा कापूस असल्याच जमिनीतला, डेरा ज्या गाड्यांवरून वाहिला गेला ते बैल असल्याच गावांतले, आणि डेऱ्यात बसून ज्या जमाबंदीचा हिशेब झाला ती जमाबंदीही याच शेतांची. सुटीच्या दिवसांत चिखलदऱ्याच्या पठारावर अथवा मेळघाटच्या रानात कापडी छताखाली रात्र घालविण्याची जी आवड अलीकडे आमच्याकडील सुशिक्षित कुटुंबांत रुजली आहे, तिला लोक नवलाई समजतात. ती नवलाई नव्हे. त्या पठारावर तंबू आज कित्येक शतके ठोकले जात आहेत. बदलला आहे तो त्यात झोपणारा माणूस, आणि त्याहूनही अधिक, तो वाहून नेणारा माणूस.

वऱ्हाडच्या उत्तर सीमेवर सातपुड्याची जी रांग उभी आहे तिला गाविलगडची टेकडी म्हणतात. तिच्या उदरात मेळघाट आहे, खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाच नद्या त्या अरण्याचे पाणी तापीच्या पदरात टाकतात, आणि वैराटचे टोक समुद्रसपाटीपासून सुमारे ११७८ मीटर उंचीवर आहे. या रानाचे मूळ रहिवासी कोरकू. त्यांची भाषा मुंडा कुळातली, म्हणजे मराठी, हिंदी आणि गोंडी या तिन्ही शेजारणींहून वेगळी. त्यांच्याबरोबर गुरांचे कळप घेऊन राहणारे गवळी होते, आणि गडाचे नावही त्यांच्यावरूनच पडले असे परंपरा मानते. बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ साली गाविलगडाचा दगडी कोट बांधविला, तेव्हापासून या माथ्यावर फौजेचा राबता सुरू झाला आणि फौजेबरोबर डेरे आले.

डेऱ्यांची व्यवस्था ही मोगलांच्या राज्यकारभाराची एक स्वतंत्र शाखाच होती. अबुल फजलाने ‘आईन-इ-अकबरी’त जी नोंद केली आहे तिच्यानुसार बादशाही मुक्कामाचा सरंजाम हलविण्यास १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत, आणि तो उभारण्यास १००० फर्राश खपत. या सरंजामाचे दोन संच असत. एकात बादशहाचा मुक्काम असताना दुसरा पुढच्या मजलेवर रवाना होई, म्हणजे स्वारी पोहोचण्यापूर्वीच कनाती ताणलेल्या आणि पाणी भरलेले असे. ही पेशखान्याची रीत मी मुद्दाम सांगत आहे, कारण साम्राज्ये लयास गेली तरी ती गेली नाही. पुढे तीनशे वर्षांनी वऱ्हाडातल्या एखाद्या साध्या इंग्रज हाकिमाचा तंबूही याच रीतीने रातोरात पुढच्या गावी जात असे.

मराठ्यांच्या काळात वऱ्हाडावर निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल होता आणि रयतेला दोघांचाही वसूल भरावा लागे. मराठ्यांच्या राहुट्या त्या मानाने हलक्या. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीवर निघायचे आणि पावसाच्या तोंडाशी छावणीला परतायचे, हा त्यांचा शिरस्ता. दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा हा काळच पुढे महसुली दौऱ्याचा आणि जंगलखात्याच्या फिरतीचाही हंगाम ठरला. या साऱ्या फौजांचे धान्य वाहणारे होते बंजारे. त्यांचा मुक्काम पडला की बैलांवरच्या गोण्या उतरवून त्यांची भिंत रचीत, वर एखादे कापड ताणीत आणि मध्ये गुरे बांधीत. तंबूच्या इतिहासात या गोण्यांच्या भिंतीला कोणी स्थान दिलेले नाही, परंतु तिच्याशिवाय एकही छावणी आठ दिवस टिकली नसती. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात बंजाऱ्यांचे जे असंख्य तांडे आज स्थिरावले आहेत ते याच प्रवासी परंपरेचे वारस होत.

१८०३ च्या डिसेंबरात या डोंगराने जो मुक्काम पाहिला तसा त्यापूर्वी आणि त्यानंतर पाहिला नाही. २९ नोव्हेंबरला भोसल्यांविरुद्ध अडगावची लढाई जिंकून आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, गाविलगडच्या दक्षिणेस देवगाव येथे उतरला. परंतु गड दक्षिणेकडून अजिंक्य असल्यामुळे त्याने कर्नल स्टीव्हन्सनला एलिचपुराहून, म्हणजे आजच्या अचलपुराहून, डोंगर चढून उत्तरेच्या लबाडा गावाकडे धाडले. ७ ते १२ डिसेंबर या दिवसांत स्टीव्हन्सनच्या शिपायांनी सुमारे ३० मैलांचा रस्ता स्वतः तोडीत, जड तोफा दोरांनी आणि हातांनी ओढीत, दऱ्याखोऱ्यांतून वर नेल्या. ऐन थंडीत रात्रीमागून रात्र रानात उतरत गेलेल्या त्या हजारो माणसांपैकी इतिहासाने नावानिशी लक्षात ठेवले ते मूठभर अंमलदार. १५ डिसेंबरला किल्ला पडला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला, आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहावर भोसल्यांना सही करावी लागली.

वीस वर्षांनी, १८२३ साली, हैदराबादच्या पलटणीतील कॅप्टन रॉबिन्सन चिखलदऱ्याच्या पठारावर पोहोचला, आणि इंग्रजांच्या दृष्टीने त्या स्थळाचा ‘शोध’ लागला. कोरकूंना आणि गवळ्यांना ते हरवलेलेच नव्हते. परतवाड्याच्या छावणीतील अंमलदारांना वैशाखात एलिचपूरची आच सोसवेना, म्हणून हजार मीटरांहून उंच असलेल्या या पठारावर आधी तंबू, मग गवताचे छप्पर, मग कौलारू बंगला अशा क्रमाने वस्ती वाढत गेली, आणि तिच्या मागोमाग कॉफीची लागवडही तेथे आली. गिरिस्थानांचा जन्म बहुतेक सर्वत्र असाच तंबूतून झालेला आहे. सातपुड्याच्याच रांगेत पूर्वेस पचमढी आहे. तेथे कॅप्टन जेम्स फोर्सिथ १८६२ मध्ये जंगलाच्या पाहणीसाठी आला, आधी तंबूत राहिला, आणि मग त्याने ‘बायसन लॉज’ ही पहिली वास्तू उभी केली. पुढे तीच पचमढी मध्यप्रांताची, आणि १९०३ नंतर वऱ्हाड त्या प्रांताच्या कारभारास जोडला गेल्यावर आमचीही, उन्हाळी राजधानी झाली.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला आणि तंबूचे काम पालटले. तो आता लढाईचा राहिला नाही, कागदाचा झाला. भूमापनाच्या साखळ्या शेताशेतांतून फिरू लागल्या. आमचा जिल्हा, ज्याला १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणत, तोही या मोजणीतून सुटला नाही. डेप्युटी कमिशनर, तहसीलदार, जंगलखात्याचा साहेब, हे सारे हिवाळ्यात दौऱ्यावर निघत. गावाबाहेरच्या आमराईत मोठा दुहेरी छताचा तंबू, त्यामागे कारकुनांची रावटी, पलीकडे बबर्चीखाना, घोड्यांचे ठाण. आणि तंबूच्या दाराशी अर्ज घेऊन ताटकळणारी रयत. न्याय मिळे, हेही खरे. कित्येक वाद तहसिलीच्या ठिकाणी वर्षानुवर्षे कुजले असते ते आमराईत एका सकाळी निकालात निघत, कारण शेताचा बांध हाकिमाला चालत जाऊन पाहता येई. दौऱ्याच्या पद्धतीचा हा गुण मान्य केलाच पाहिजे.

परंतु तो तंबू आमराईपर्यंत आणला कोणी? पाटील-पटवाऱ्यांना आगाऊ हुकूम जाई, आणि मग रसद म्हणून दूध, कोंबडी, कडबा, सरपण आणि बिगार म्हणून माणसे व गाड्या हजर करणे हे गावाचे कर्तव्य ठरे; त्यातही गावकीचे ओझे ज्यांच्या पाठीवर परंपरेने लादलेले होते त्या महारांवर ते प्रथम पडे. मोबदला कागदावर असे, हातात पडेलच याची शाश्वती नसे. डोंगरात हे ओझे कोरकूंवर गेले. हिंदुस्थानच्या दुसऱ्या टोकाला कुमाऊंच्या पहाडात याच जुलमाविरुद्ध १९२१ च्या मकरसंक्रांतीस बागेश्वर येथे लोकांनी बिगारीच्या वह्या सरयूच्या पात्रात फेकून दिल्या, हे ज्याने वाचले आहे त्याला हिमालयातील आणि सातपुड्यातील तंबूंचे वजन सारखेच होते हे निराळे सांगावयास नको.

त्या तंबूची घडण मात्र लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. जबलपूरला १८३७ साली ठगांच्या आणि त्यांच्या मुलांच्या उदरनिर्वाहासाठी जी उद्योगशाळा निघाली, तिथे तंबू आणि गालिचे तयार होत. वाटसरूंच्या मुक्कामांवर ज्यांनी एके काळी घाला घातला त्यांच्याच हातांनी पुढे वाटसरूंचे मुक्काम शिवले. कापड सुती, जाड, दुपदरी. दोन छतांमध्ये हवेला वाट ठेवलेली असे, म्हणून आतले छत तापत नसे आणि थंडीत दवही आत झिरपत नसे. पावसात भिजले की सुताचे धागे फुगून वीण घट्ट होई आणि पाणी अडे. मात्र आतून कोणाचे बोट अथवा खाट कापडाला टेकली की त्याच ठिकाणी ठिबक सुरू होई. तणावे अंबाडीचे किंवा सुताचे असत आणि ते ओले झाले की आखडत. म्हणून मध्यरात्री सर आली तर तंबू ठोकणाऱ्या खलाश्याला उठून एकेक तणावा सैल करावा लागे, नाहीतर मेखा उखडून सारा डेरा खाली यावयाचा. भोवती चर खणणे, मोगरीने मेख तिरकी ठोकणे, वाऱ्याकडे पाठ करून दार लावणे, आणि ओढ्याच्या पात्रात कधीही न उतरणे, हे खलाश्याचे शास्त्र लिहिलेले नव्हते, परंतु साहेबाचा जीव त्यावर अवलंबून असे.

जीवाला खरे भय होते ते वाघाचे नव्हे, तापाचे. पावसाळा सरल्यावर मेळघाटात हिवतापाची जी लाट येई तिच्यामुळे थंडी चांगली पडेपर्यंत बाहेरचा माणूस आत शिरत नसे. रानातील कुंद हवाच विषारी असते असा समज होता, म्हणून तंबू उंचावर ठोकावा आणि रात्रभर धुनी पेटती ठेवावी असा दंडक होता. १८९७ च्या ऑगस्टात सिकंदराबादेस रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले आणि हवेचा दोष दूर झाला. तरीही उंचवट्याचा आणि धुराचा दंडक शहाणपणाचाच होता, कारण डासही या दोहोंपासून दूर राहतो.

जंगलखात्याच्या तंबूने रानाच्या मालकीचा प्रश्न कायमचा उपस्थित केला. राखीव जंगलाच्या खुणा रोवल्या गेल्या, कोरकूंची फिरती शेती बंद झाली, वनग्रामे वसविली गेली आणि त्यांत राहू देण्याच्या बदल्यात खात्याच्या कामाला हजर राहण्याची अट आली. ज्या रानात साहेबाला कोणत्याही झाडाखाली मुक्काम करण्याची मुभा होती, त्याच रानातले गवत कापणे तेथील माणसाला गुन्हा ठरले. ही विषमता आमच्याच जिल्ह्याने सर्वांत स्पष्टपणे बोलून दाखविली: १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडला आणि कारावास पत्करला. नेरच्या माणसाला या इतिहासाचा अभिमान वाटतो, आणि तो वाटावा.

पुढे १९७४ मध्ये मेळघाट देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत समाविष्ट झाला. त्या वेळी मुख्यमंत्रिपदी होते ते वसंतराव नाईक पुसद तालुक्यातील गहुलीचे, आणि बंजारा समाजातले. वाघ वाचविणे आवश्यक होते याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु कोहा, कुंड आणि बोरी ही गावे शतकाच्या वळणावर रानातून उठून आकोटच्या बाजूस गेली, आणि त्याच रानात सेमाडोह-कोलकासला पाहुण्यांची निवासस्थाने आहेत, या दोन गोष्टी एकाच वाक्यात बोलल्या गेल्या पाहिजेत.

आमच्या लोकांचा स्वतःचा उंच रानातील मुक्काम साहेबांच्या तंबूहून अगदी निराळा. महाशिवरात्रीला विदर्भातील गावोगावचे जथे त्रिशूळ खांद्यावर घेऊन पचमढीच्या चौरागडावर, मोठ्या महादेवाला जातात, आणि नागपंचमीच्या सुमारास भर पावसात नागद्वारची अरण्यातील वाट चालतात. पूर्वी ही यात्रा बैलगाडीने होई; गाडीच्या जुवावर पाल टाकावे, तीन दगडांची चूल मांडावी, ज्वारीचे पीठ आणि मिरचीचा ठेचा बरोबर असावा, आणि रात्री झाडाखाली महादेवाची गाणी म्हणावीत. यात फर्राश नव्हता, रसद नव्हती, बिगार नव्हती. ज्याचे ओझे त्याने वाहिले. दसऱ्यानंतर निघणाऱ्या दरबारी मुक्कामाचा हंगामही नागद्वारच्या यात्रेने कधी पाळला नाही. सरकारचे तंबू गुंडाळून कोठीत पडलेले असत तेव्हा, श्रावणात, ही माणसे डोंगरात असत.

पुढे गाडीची जागा आगगाडीने घेतली. नेरच्या माणसाने दारव्ह्यापर्यंत जावे, तेथे ‘शकुंतला’ या नावाने सर्वांना परिचित असलेल्या अरुंद रुळांच्या गाडीत बसावे, मूर्तिजापूरला गाडी बदलावी आणि अचलपूरला उतरून घाटाकडे तोंड करावे, हा चिखलदऱ्याचा जुना मार्ग. यवतमाळ ते अचलपूर हा सारा लोहमार्ग सुमारे १८९ किलोमीटरांचा. ती गाडी थांबली आहे आणि लोक आता मोटारीने नेरहून अमरावती, तेथून परतवाडा असे जातात. त्यांच्या सामानात सुती डेऱ्याऐवजी नायलॉनचा तंबू असतो, जो एक माणूस पाठीवर नेऊ शकतो आणि ज्याचे दोर पावसात आखडत नाहीत. चिखलदऱ्याची मोठी गर्दी आज आषाढ-श्रावणात, धुक्याच्या आणि धबधब्यांच्या दिवसांत होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने पायथ्याच्या काही गावांना आपल्या भोवतीच्या रानावर सामूहिक हक्क मिळाले आहेत, आणि पाहुण्याने तंबू कुठे ठोकावा हे अशा ठिकाणी ग्रामसभेला विचारावे लागते.