कोल्हापूरचा गूळ आणि हातभट्टी

कोल्हापुरात घरगुती दारूला कच्चा माल शोधावा लागला नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची गूळपेठ वसवली होती. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्याच वर्षीचा मुंबई दारूबंदी कायदा इथेही लागू झाला. बंदीने दारू संपली नाही, ती हातभट्टीवर गेली. गुळाच्या पाण्यात नवसागर टाकून रसायन काही दिवस आंबवत, मग उकळून दारू गाळत. नवसागराची बदनामी मोठी, पण त्यातला अमोनियम यीस्टचे खाद्य आहे. मधापासून मीड करणारे हौशीही नत्रासाठी अमोनियमचेच क्षार घालतात. मीड, सायडर, बिअर मात्र नुसती आंबवतात, गाळत नाहीत. परवान्याविना महाराष्ट्रात दोन्ही गुन्हेच.