सातवं वर्ष आणि हिल्लेलचा कागद

कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंना लोक ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. सहा दिवस काम, सातव्या दिवशी विसावा. ज्यू धर्मशास्त्रात हाच हिशेब वर्षांनाही आहे. प्राचीन इस्राएलमध्ये सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची आणि येणं असलेलं कर्ज सोडून द्यायचं. त्या वर्षाचं नाव ‘श्मिता’.

कायदा करणाऱ्याला माणूस ठाऊक होता. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या १५व्या अध्यायात ताकीदच आहे : सातवं वर्ष जवळ आलं म्हणून गरिबाला कर्ज नाकारू नका. पण ताकिदीने थैली सुटत नाही. पैसेवाल्यांनी हात आखडता घेतला.

ही चूक मीही केली आहे. कंपनी कमांडर असताना जवानांमधली उसनवारी फार वाढली. मी हुकूम काढला, आपसातल्या उसन्या पैशांची वसुली बंद. हेतू चांगला होता. महिन्याभरात एक शिपाई समोर उभा राहिला. आई आजारी, घरी जायचं, आणि त्याला शंभर रुपये द्यायला कुणी तयार नव्हतं. हुकूम मागे घेतला.

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात हिल्लेल या जेरुसलेमच्या पंडिताने तोड काढली, ‘प्रोझबुल’. सावकाराने न्यायाधीशांपुढे लिहून द्यायचं की, माझं येणं तुमच्या हवाली करतो, हवं तेव्हा वसूल करीन. माफी खासगी येण्याला होती, न्यायालयाकडे सोपवलेल्या येण्याला नव्हती. कायद्याला धक्का नाही आणि गरिबाला कर्जही मिळालं. मृत समुद्राजवळच्या वादी मुरब्बातच्या गुहेत इ.स. ५५-५६ चा एक कर्जरोखा सापडला आहे. त्यात ऋणको लिहून देतो, सातवं वर्ष असलं तरी फेडीन.

सगळ्यांना हे रुचलं नाही. बॅबिलोनियातला पंडित शमुएल म्हणाला, हाती असतं तर मी प्रोझबुल रद्द केला असता.

मी हिल्लेलच्या बाजूचा, त्या शिपायामुळे. पण शमुएललाही विसरू नका. गरिबाला कर्ज मिळालं, त्याची किंमत म्हणून सातव्या वर्षाची सुटका गेली. कर्जमाफीची घोषणा ऐकाल तेव्हा दोन प्रश्न विचारा : आज कोण सुटला, आणि उद्या त्याला कोण देणार?

जय हिंद.