ली, माइक

(२० फेब्रुवारी १९४३ – ). इंग्रज नाटककार आणि रंगभूमी व चित्रपट दिग्दर्शक. जन्म हार्टफर्डशर परगण्यात. बालपण सॅलफर्ड या औद्योगिक शहरात. वडील डॉक्टर. १९६० मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट या संस्थेत अभिनय शिकण्यासाठी प्रवेश.

लींच्या कार्यपद्धतीतच त्यांचे खरे मोठेपण आहे. तालमींच्या आरंभी संहिता नसते. प्रत्येक नट आपल्या पात्राचे पूर्वायुष्य दिग्दर्शकासोबत उभे करतो. महिनोन्‌महिने चाललेल्या उत्स्फूर्त प्रवेशांतून संवाद आकार घेतात आणि मग ते काटेकोरपणे पक्के केले जातात. पात्राला जेवढे ठाऊक, तेवढेच नटालाही. ‘व्हेरा ड्रेक’ (२००४) या चित्रपटाच्या तालमीत पोलीस दारात येईपर्यंत कुटुंबीयांची भूमिका करणाऱ्यांना व्हेरा गुपचूप गर्भपात करून देते हे माहीतच नव्हते. त्या प्रसंगातील सुन्नपणा म्हणूनच इतका अस्सल वाटतो.

स्वतःच्याच नाटकावरील ‘ब्लीक मोमेंट्स’ (१९७१) या पहिल्या चित्रपटानंतर चित्रपटगृहांसाठीचा पुढचा चित्रपट थेट १९८८ मध्ये आला. मधल्या काळात त्यांनी बीबीसी व रंगभूमीसाठी विपुल काम केले. उपनगरी मध्यमवर्गाच्या प्रतिष्ठेच्या हव्यासावरील ‘ॲबिगेल्स पार्टी’ (१९७७) हे त्यांचे सर्वांत गाजलेले नाटक. ‘नेकेड’साठी कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक (१९९३), ‘सीक्रेट्स अँड लाइज’ला तेथेच सुवर्णताड (१९९६), तर ‘व्हेरा ड्रेक’ला व्हेनिसमध्ये सुवर्णसिंह मिळाला. ‘मिस्टर टर्नर’ (२०१४) हा चित्रकार टर्नरवरचा, तर ‘पीटरलू’ (२०१८) १८१९ च्या मँचेस्टर हत्याकांडावरचा चित्रपट.