मथुरा प्रकरण : निकाल ठाण्यातच लिहिला गेला होता

मथुरा प्रकरणाचे नाव निघाले की आपल्याकडे सगळी चर्चा सर्वोच्च न्यायालयापाशी येऊन थांबते. 'संमती' या शब्दाचा न्यायमूर्तींनी काय अर्थ लावला, कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र कसे लिहिले, स्त्रिया रस्त्यावर कशा उतरल्या आणि १९८३ साली कायदा कसा बदलला, हे आपण सांगतो. ते सगळे खरे आहे आणि त्या लढ्याचे मोल कमी नाही. पण ही गोष्ट ऐकताना मला दरवेळी एकच प्रश्न पडतो. ज्या ठाण्यात गुन्हा घडला, त्याच ठाण्यात लिहिलेल्या कागदाचे काय? तो कोणी लिहिला, कोणत्या परिस्थितीत लिहिला, आणि सहा वर्षांनी तो कोणाच्या कामी आला?

२६ मार्च १९७२. देसाईगंज, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आजचा गडचिरोली. मुलगी आदिवासी, आईबाप नाहीत, भावाकडे राहून मजुरी करणारी. तिचे एका मुलावर प्रेम होते आणि बहिणीला पळवून नेल्याची तक्रार भावाने दिली होती. म्हणजे त्या रात्री ती ठाण्यात आली ती पोलिसांनी बोलावले म्हणून. रात्री नऊच्या सुमारास सगळ्यांना आणले गेले. हेड कॉन्स्टेबलने जबाब घेतले, मुलीच्या जन्मनोंदीची नक्कल आणायला सांगितले आणि साडेदहाच्या सुमारास तो निघून गेला. बाकीच्यांना बाहेर काढून मुलीला आत थांबवले गेले. दार बंद झाले, दिवे गेले. आत हजर असलेल्या दोन पोलिसांपैकी एकाने आपल्यावर बलात्कार केला आणि दुसऱ्याने अंगाशी चाळे केले, असे तिने बाहेर आल्यावर सांगितले.

यापुढचा भाग आपण फार भराभर वाचून टाकतो. ठाण्याबाहेर लोक जमले. जमाव इतका खवळला की पोलिसाला मारू, ठाणे जाळू अशी भाषा सुरू झाली. मग गेलेल्या हेड कॉन्स्टेबलला बोलावून आणले गेले. त्याने लोकांची समजूत काढून त्यांना पांगवले आणि मग मुलीचा जबाब लिहून घेतला. तोच जबाब प्रथम खबर म्हणून नोंदला गेला. जमाव नसता तर तो कागद जन्मालाच आला नसता, असे मला वाटते.

आता नीट बघा. पोलिसांविरुद्धची फिर्याद त्याच ठाण्यातल्या त्यांच्या सहकाऱ्याने, त्याच रात्री, त्याच इमारतीत लिहिली. फिर्याद देणारी मुलगी घाबरलेली, दमलेली, तिथेच अत्याचार झाल्याचे सांगणारी. तिने काय सांगितले आणि कागदावर काय उतरले, हे ताडून बघणारे तिच्या बाजूचे कोणी नव्हते. आणि पुढे न्यायालयात तिची पारख झाली ती याच कागदाशी. कोणत्या पोलिसाने नेमके काय केले याबाबत फिर्यादीत एक आहे आणि साक्षीत दुसरे, असे म्हणून दुसऱ्या आरोपीला सर्वोच्च न्यायालयात फायदा मिळाला. कागद हवालदाराचा, विसंगती मात्र मुलीची!

वैद्यकीय तपासणीचेही तेच. घटना रात्रीची, तपासणी झाली २७ मार्चला रात्री आठ वाजता. वीस तास उलटून गेले होते. तिच्या आणि एका आरोपीच्या कपड्यांवर वीर्य आढळले, पण शरीरावरून घेतलेल्या नमुन्यांत काही मिळाले नाही. दरम्यान तिने अंघोळ केली असेल, तपासणीला इतका उशीर झाला, हा साधा विचार नागपूर खंडपीठाने केला. सत्र न्यायालयाने मात्र तिला धादांत खोटारडी ठरवले, शरीरसंबंधांची सवय असलेली ठरवले, ती सोळा वर्षांखालची असल्याचेही सिद्ध झाले नाही म्हटले. तो निकाल जून १९७४ चा. खंडपीठाने १९७६ साली तो फिरवला, भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे असे सांगितले आणि एकाला पाच वर्षे, दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा दिली. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही सोडले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, म्हणजे जबरदस्ती नाही. रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात एकट्या आदिवासी मुलीने दोन वर्दीवाल्यांशी मारामारी करून जखमा मिळवायच्या होत्या, तरच तिचे खरे!

१९८३ च्या दुरुस्तीने पुरावा कायद्यात कलम ११४-अ आले. ताब्यातील बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असे गृहीत धरायचे. ही मोठी गोष्ट होती. पण त्यातली पहिली अट वाचा : शरीरसंबंध सिद्ध झाला तर. तो सिद्ध कशावरून करायचा? फिर्यादीवरून, पंचनाम्यावरून, जप्त कपड्यांवरून, वेळेत घेतलेल्या नमुन्यांवरून. म्हणजे नव्या कलमाच्या दाराची किल्ली जुन्याच हातात राहिली.

हे हात कोणाचे, हा प्रश्न बाबासाहेबांनी फार आधी विचारला होता. १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्यांना लष्कर, आरमार आणि पोलीस यांत प्रवेश मागितला. पुष्कळांना ती नोकरीची मागणी वाटते. पण गावात फौजदार येतो तेव्हा तो कोणाच्या ओट्यावर बसतो, कोणाचा चहा घेतो आणि कोणाचे ऐकून कागद करतो, हे बाबासाहेबांना पक्के ठाऊक होते. कायदा कितीही चांगला असला तरी तो राबवणारा जातीतून आलेला माणूस असतो, ही गोष्ट ते जन्मभर सांगत राहिले.

१९९२ साली राजस्थानातल्या भटेरी गावात कुंभार समाजातील भंवरीदेवी या साथिनीने बालविवाहाला विरोध केला म्हणून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. तिची वैद्यकीय तपासणी झाली ती ५२ तासांनी. पुरावा म्हणून घागरा ठाण्यातच ठेवून घेतला आणि तिला नवऱ्याचे पागोटे गुंडाळून जावे लागले. १९९५ साली जयपूरच्या न्यायालयाने आरोपींना बलात्कारातून मुक्त केले.

आणि आपले खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका. पोलीस पाटील असलेल्या एका नातेवाइकाला झालेल्या मारहाणीत सुरेखाताई भोतमांगे यांनी साक्ष दिली होती. त्यातले आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी सुरेखाताई, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. स्त्रियांचे देह कोणत्या अवस्थेत सापडले हे महाराष्ट्राला माहीत आहे. तरीही लैंगिक अत्याचाराच्या अंगाने जशी तपासणी पहिल्याच वेळी व्हायला हवी होती तशी झाली नाही. लोक रस्त्यावर उतरल्यावर मृतदेह उकरून पुन्हा शवविच्छेदन झाले, तोवर वेळ गेली होती. काही पोलीस आणि डॉक्टर निलंबित झाले, तपास सीबीआयकडे गेला. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, तेव्हा अनेकांनी न्याय मिळाला म्हटले. पण त्या निकालात बलात्कार नव्हता, विनयभंग सिद्ध झाला नव्हता आणि अ‍ॅट्रॉसिटीही नव्हती. २०१० साली उच्च न्यायालयाने फाशीही २५ वर्षांच्या कैदेत बदलली. अधिकृत कागदांत खैरलांजी हे जुन्या वादातून झालेले हत्याकांड आहे. पहिल्या दिवसांत जे नोंदले नाही, ते पुढच्या कोणत्याही न्यायालयाला दिसले नाही.

हाथरसला २०२० मध्ये हेच घडले. १४ सप्टेंबरची घटना, बलात्काराचे कलम वाढवले २२ तारखेला, नमुने घेतले त्यानंतर. मुलगी गेल्यावर रात्रीतून अंत्यसंस्कार झाले आणि वीर्य सापडले नाही म्हणून बलात्कार नाही, असे वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने जगाला सांगितले. अकरा दिवसांनी घेतलेल्या नमुन्यात ते सापडणार तरी कसे? २०२३ साली तिघे सुटले, एकाला सदोष मनुष्यवधासाठी शिक्षा झाली. बलात्कार सिद्ध झाला नाही.

तालुक्याच्या ठाण्यात फिर्यादी बाईंबरोबर मी अनेकदा बसलो आहे. आधी साधा अर्ज देऊन जा, साहेब आले की बघू, इथून सुरुवात होते. अर्जाला गुन्हा क्रमांक नसतो, हे तिला माहीत नसते. तेवढ्या वेळात गावातून दोन गाड्या येतात आणि मिटवामिटवी सुरू होते. कधी उलट चोरीची, कधी थेट दरोड्याची केस समोरच्याकडून दाखल होते. एका बाईने तिच्या बोलीत सगळे धडधडीत सांगितले होते, कोणी धरले, कुठे नेले, काय केले. लिहून आले : 'वाईट उद्देशाने हात धरून लज्जा उत्पन्न होईल असे कृत्य केले.' मी म्हणालो, साहेब, ताई असे बोललेल्याच नाहीत. उत्तर आले, कायद्याच्या भाषेत असेच लिहितात. कायद्याच्या भाषेत त्या एका वाक्याने बलात्काराचा विनयभंग झाला होता. दोन तास वाद घालून ते बदलून घेतले. ज्यांच्याबरोबर वाद घालायला कोणी नसते, त्यांचे ते वाक्य तसेच कोर्टात जाते.

कायदा नाही असे म्हणायला आता जागा नाही. २०१३ पासून असा गुन्हा न नोंदवणारा लोकसेवक स्वतः गुन्हेगार ठरतो. दोन बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा एकदा ठणकावून बंद केली. अ‍ॅट्रॉसिटीचा तपास उपअधीक्षकाच्या खाली कोणी करायचा नाही, असा १९९५ चा नियम आहे. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कलम ४ मध्ये अधिकाऱ्याची कर्तव्ये एकेक करून लिहिली : तोंडी दिलेली माहिती लिहून झाल्यावर सहीच्या आधी फिर्यादीला वाचून दाखवायची, गुन्हा नोंदवायचा, प्रत लगेच द्यायची. वाचून दाखवण्याचा नियम तसा इंग्रजांच्या काळापासूनचा. अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या अधिकाऱ्याने ही कर्तव्ये जाणूनबुजून टाळली तर त्याला सहा महिने ते एक वर्ष कैद आहे.

मात्र त्याच कलमाला एक परंतुक जोडलेले आहे. अधिकाऱ्यावर असा गुन्हा दाखल करायचा तर आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस हवी. म्हणजे हवालदाराने कागद खोटा लिहिला की खरा, हे ठरवणारा कागदही प्रशासनच लिहिणार.