पगाचं नाक आणि वऱ्हाडचा मे महिना

2003 साली टीव्हीवर हचची जाहिरात लागायची. पुढे एक पोरगा, मागे चपट्या नाकाचा छोटासा कुत्रा. पोरगा जाईल तिथे तो. तुमच्यापैकी काही जण तेव्हा जन्मलेही नसाल. तरी पग दिसला की 'व्होडाफोनवालं कुत्रं' म्हणणारे आजही भेटतात. कंपनीचं नाव बदललं, कुत्रा लोकांच्या डोक्यात राहिला.

आमच्या अमरावती-अकोल्यात कुत्र्यांची फॅशन अशीच पडद्यावरून उतरत आली. 1994 मध्ये 'हम आपके हैं कौन' आला आणि टफी घराघरात पोचला. टफी खरं तर इंडियन स्पिट्झ, पण आपल्याकडे पांढरं आणि केसाळ ते सगळं पामेरियन. मग पग आला, लॅब आला, आणि आता रील्समधला निळ्या डोळ्यांचा हस्की. बेवारस, जखमी कुत्री उचलून आणणाऱ्या पोट्ट्यांसोबत मी काही वर्षांपासून अमरावतीत फिरतो. लाट ओसरल्यावर मागे काय उरतं, ते आम्हाला रस्त्यावर दिसतं.

पगाचं नाक पूर्वी एवढं चपटं नव्हतं. विल्यम होगार्थ या इंग्लिश चित्रकाराने 1745 मध्ये स्वतःचं चित्र पूर्ण केलं. त्यात त्याचा पग, नाव ट्रम्प, शेजारी बसलाय. त्याचं तोंड चांगलं पुढे आलेलं आहे. 1873 मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला. पुढे जातीचं 'शुद्ध' रूप कागदावर ठरू लागलं, प्रदर्शनांत दिसण्याला बक्षिसं मिळू लागली, आणि पैदास करणारे पिढ्यान्‌पिढ्या चपट्या तोंडाच्या जोड्या लावत गेले. हाडं आखूड झाली, पण आतलं मांस त्या मानाने कमी झालं नाही. ते श्वासाच्या वाटेत दाटलं. पग घोरतो ते आपल्याला गोड वाटतं. पुष्कळदा ती हवेसाठी चाललेली ओढाताण असते. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने 2022 मध्ये सांगूनच टाकलं की, आरोग्याच्या दृष्टीने पगाला आता सर्वसामान्य कुत्रा म्हणता येणार नाही.

हेच नाक वऱ्हाडच्या मे महिन्यात आणून पाहा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि त्यातून अंगातली उष्णता बाहेर घालवतो. अकोल्याचा पारा 45 च्या पुढे गेला की धडधाकट गावठी कुत्राही नालीत जाऊन बसतो. ज्याची श्वासाची वाटच अरुंद, त्याने करायचं काय?

हस्कीची गोष्ट वेगळी, शेवट तोच. सैबेरियातल्या चुक्ची लोकांनी बर्फावर गाड्या ओढण्यासाठी वाढवलेली कुत्री हे त्याचे पूर्वज. 1925 मध्ये अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा अशाच कुत्र्यांच्या गाड्यांनी बर्फातून औषध पोचवलं होतं. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात आणि रोज भरपूर धावणं ही त्याची गरज. इथे त्याच्या वाट्याला कूलरची खोली येते, आणि लाइट गेली की तीही भट्टी होते.

असं कुत्रं रस्त्यावर सापडलं की बघे हमखास विचारतात, "एवढं महाग कुत्रं हाय भाऊ, कोणी सोडून देते काय?"

देतात. दवाखान्याचा खर्च झेपत नाही म्हणून, बदली झाली म्हणून, घरभर केस होतात म्हणून. आणि पिल्लं देणं थांबलं म्हणून मादीलाही. तिच्या लोंबणाऱ्या आचळांवरून ती कशासाठी पाळली होती ते कळतं. गावठी कुत्र्याला निदान स्वतःचा इलाखा असतो, टोळी असते, कोणत्या दारी पोळी मिळते ते ठाऊक असतं. यांना यातलं काहीच नसतं. इलाख्यातली कुत्री अंगावर धावून येतात आणि हे बिचारं माणसांच्या मागे मागे फिरतं.

कायदे आहेत. धंद्यासाठीच्या पैदाशीकरता परदेशी कुत्री आयात करायला 2016 मध्ये बंदी आली. 2017 च्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याने नोंदणी केलीच पाहिजे, आणि 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पाळीव जनावर उपाशीतापाशी सोडून देणं हाही 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिलाय 10 ते 50 रुपये. एवढ्यात चार मित्रांना गिला वडासुद्धा होत नाही.

म्हणून कायद्याच्या आधी आपलीच पाळी येते. पिल्लू घ्यायचंच असेल तर विकणाऱ्याला म्हणा, आई दाखव. नोंदणीचा कागद माग. तो टाळाटाळ करू लागला तर तिथून उठा. आणि नुसतं कुत्रं हवं असेल, जात नको असेल, तर गल्लीत बघा. आखूड केस, लांब तोंड, सडपातळ अंग. कुठल्याही क्लबने ते ठरवलेलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या इथल्या उन्हात जे तगलं, तेच उरलं.

पुढची फॅशन कोणत्या रीलमधून येईल, सांगता येत नाही. तिचं कुत्रं मात्र कुठे शोधावं लागेल, हे आम्हाला आताच माहीत आहे.