गोठवा, थांबा, जागवा

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीनंतर आम्ही प्रयोगशाळेत परतलो, तर पेशी साठवण्याची टाकी कोरडी ठणठणीत पडलेली. टाकी उत्तम होती, झाकण नीट लागलेले होते आणि तिला वीज लागतच नाही, त्यामुळे वीज गेली असेही नव्हते. सुटीत द्रवरूप नायट्रोजन कोणी भरायचा हे ठरलेले नव्हते, एवढेच. प्रत्येकाला वाटले, दुसरा भरेल. चार वर्षे जमवलेले नमुने गेले.

अलीकडे वाघोलीतल्या एका शाळेत नववीच्या मुलांशी गप्पा मारताना एका मुलीने विचारले, "मेलेल्या माणसाला गोठवून ठेवले तर पुढे जिवंत करता येईल का?" तेव्हा आम्हाला ती टाकी आठवली. हा प्रश्न मुले शिक्षकांनाही विचारतात. त्याचे उत्तर एका शब्दात ‘नाही’ असे देता येते आणि आजच्या घडीला ते बरोबरही आहे. परंतु त्यामागचा साठ वर्षांचा इतिहास ‘नाही’पेक्षा बराच रंजक आहे.

सुरुवात एका चुकीच्या लेबलापासून करू. १९४०च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये ख्रिस्तोफर पोल्ज आणि त्यांचे सहकारी कोंबड्याचे शुक्रजंतू गोठवण्याचा प्रयत्न करत होते. त्यासाठी फळांतल्या साखरेचे द्रावण वापरून पाहिले, पण यश आले नाही. काही महिन्यांनी शीतपेटीतल्या त्याच बाटलीतले द्रावण पुन्हा वापरले आणि शुक्रजंतू वितळल्यावर चक्क पोहू लागले! उरलेल्या द्रावणाचे रासायनिक परीक्षण केले तर त्यात साखर नव्हतीच. ग्लिसरीन आणि प्रथिन होते. बाटल्यांची लेबले बदलली गेली होती. १९४९ साली हा शोध प्रसिद्ध झाला. फ्रान्समधील जीवशास्त्रज्ञ जाँ रोस्ताँ यांना ग्लिसरीनचा असाच उपयोग बेडकाच्या शुक्रजंतूंवर १९४६ सालीच दिसला होता.

ग्लिसरीन नेमके काय करते? पेशीला थंडीपेक्षा बर्फाची भीती जास्त. टोमॅटो रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि सकाळी बाहेर काढा. तो लिबलिबीत होऊन पाणी सोडतो. पाण्याचे स्फटिक बनताना पेशींच्या भिंती आणि आवरणे फाटतात. शिवाय पाणी बर्फात अडकल्याने उरलेला क्षार दाट होतो, तोही पेशीला मारक ठरतो. ग्लिसरीन पाण्यात मिसळले की बर्फ कमी बनतो. मग पेशी उणे १९६ अंशांवर, म्हणजे द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाला, वर्षानुवर्षे राहू शकते. त्या तापमानाला रासायनिक क्रिया जवळजवळ थांबलेल्या असतात.

हे ज्ञान आपल्या जिल्ह्यात फार लवकर रुजले. वाघोलीहून केसनंद-थेऊरच्या रस्त्याने निघाले की पुढे उरुळीकांचन लागते. तिथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली. परदेशी वळूंचे गोठवलेले वीर्य बारीक कांड्यांत भरायचे, नायट्रोजनच्या जारमध्ये ठेवायचे आणि शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत न्यायचे, हे काम संस्थेने मोठ्या प्रमाणावर केले. गावोगावच्या संकरित गाई याच थंडीच्या लेकी आहेत. वळू केव्हाच मेलेला असतो, त्याचे वासरू मात्र आज जन्मते.

नेमकी हीच गोष्ट अमेरिकेतल्या एका शिक्षकाच्या मनात घर करून बसली. रॉबर्ट एटिंगर मिशिगनमधल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र आणि गणित शिकवत. दुसऱ्या महायुद्धात जबर जखमी होऊन ते बराच काळ लष्करी रुग्णालयात होते. रोस्ताँ यांचे काम त्यांना ठाऊक होते. त्यांचा तर्क असा: आज ज्याला आपण मृत म्हणतो, तो उद्याच्या डॉक्टरला कदाचित केवळ फार आजारी वाटेल. मग त्या डॉक्टरपर्यंत देह पोचवायचा कसा? गोठवून. १९६२ साली त्यांनी हे पुस्तक स्वखर्चाने छापले. १९६४ साली एका मोठ्या प्रकाशकाने ते काढले. प्रस्तावना होती रोस्ताँ यांची.

तर्कात एक मोठी उडी आहे, ती मुलांकडूनच शोधून घ्यावी. शुक्रजंतू ही एकच इवलीशी पेशी. ग्लिसरीन तिच्यात क्षणात शिरते, ती क्षणात थंड होते. माणसाच्या देहात अब्जावधी पेशी, प्रत्येक अवयवाची जडणघडण वेगळी. बाहेरचा भाग गोठतो तेव्हा आतला गरमच असतो. शिवाय शुक्रजंतू जिवंत असताना गोठवतात आणि माणूस मेल्यावर!

पण लोकांना पुस्तक भावले आणि संस्था निघू लागल्या. पहिली इव्हान कूपर यांनी १९६३च्या डिसेंबरात वॉशिंग्टनमध्ये काढली. तिच्या वार्तापत्राचे नाव होते ‘गोठवा, थांबा, जागवा’. यातले ‘जागवा’ अशक्य, हे टीकाकार तेव्हापासून सांगत आले आहेत. आम्हाला विचाराल तर त्या काळी कोणीच न तपासलेला शब्द होता ‘थांबा’. कूपर काही वर्षांत कंटाळून चळवळीतून बाहेर पडले. १९६५ साली न्यूयॉर्कमध्ये आणि १९६६ साली कॅलिफोर्नियात आणखी मंडळे निघाली. वर्गणी, सभा, वार्तापत्र, सगळे आपल्याकडच्या एखाद्या ग्रंथालय मंडळासारखेच. कॅलिफोर्नियाच्या मंडळाचे अध्यक्ष रॉबर्ट नेल्सन टीव्ही दुरुस्त करत असत.

१२ जानेवारी १९६७ रोजी जेम्स बेडफर्ड हे मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक कर्करोगाने वारले आणि या मंडळाने त्यांना गोठवले. पुढे आणखी देह आले. लॉस एंजल्सजवळ चॅट्सवर्थच्या दफनभूमीत जमिनीखाली तळघर बांधून त्यात टाक्या ठेवल्या. नातेवाईक सुरुवातीला पैसे पाठवत. मग पाठवणे थांबले. नेल्सन काही काळ पदरचे घालत राहिले. नायट्रोजन उडून जात राहिला, पंप बिघडले. नऊ देह वितळून गेल्याचे १९७९ साली उघडकीला आले, तोपर्यंत काही नातेवाइकांना सारे सुरळीत असल्याचेच वाटत होते. १९८१ साली न्यायालयाचा निकाल नातेवाइकांच्या बाजूने लागला.

यात विज्ञान कुठे चुकले? कुठेच नाही. नायट्रोजनने आपले गुणधर्म तंतोतंत पाळले. पतपेढीत ठेव ठेवणाऱ्या आपल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको.

१९७३ पूर्वी गोठवलेल्यांपैकी एकटे बेडफर्ड आजही गोठलेले आहेत, तेही मंडळाच्या कर्तृत्वाने नव्हे. पत्नी आणि मुलगा त्यांना एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत हलवत राहिले. १९७७ ते १९८२ या काळात तर कुटुंबाने स्वतःच टाकीत नायट्रोजन भरला. त्यानंतर त्यांना ‘अल्कोर’ या संस्थेने घेतले.

नंतरच्या संस्था या अनुभवातून शिकल्या. अल्कोर १९७२ साली निघाली, एटिंगर यांची स्वतःची संस्था १९७६ साली. पैसा नातेवाइकांकडून दरवर्षी मागायचा नाही, सभासदाने जिवंतपणीच आयुर्विमा उतरवायचा आणि त्याची रक्कम संस्थेला मिळायची. ती गुंतवून व्याजावर नायट्रोजन भरायचा. एटिंगर यांच्या संस्थेने त्यासाठी २८,००० डॉलर ठरवले. तिथे ठेवलेला पहिला देह १९७७ साली त्यांच्या आईचा होता. २०११ साली ९२व्या वर्षी ते स्वतः वारले, तेव्हा त्या संस्थेतले ते १०६वे.

तरीही रक्कम बँकेत असली म्हणजे ‘थांबा’ साधलेच असे नाही. रशियात २००५ साली निघालेल्या संस्थेत पुढे फूट पडली आणि २०२१ साली एका गटाने देहांसकट टाक्या ट्रकवर चढवल्या. पोलिसांना मध्ये पडावे लागले. नव्या संस्था निघतच आहेत: २०२० साली बर्लिनमध्ये एक सुरू झाली, तर ऑस्ट्रेलियात होलब्रुक येथे २०२४ साली पहिला देह ठेवला गेला.

दरम्यान मूळ विज्ञानही पुढे सरकले आहे. बर्फ होऊच न देता पाण्याची काच करायची, अशी आता पद्धत आहे. २०२३ साली मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी १०० दिवसांपर्यंत अशा अवस्थेत ठेवलेली उंदराची मूत्रपिंडे लोहकणांच्या साहाय्याने आतून एकसारखी तापवली आणि दुसऱ्या उंदरांत बसवली. ती चालू लागली. अवयवदानासाठी याचे मोल फार मोठे. मात्र मूत्रपिंड म्हणजे मेंदू नव्हे, आणि उंदराचे मूत्रपिंड बोटाच्या पेराएवढे असते.

त्या मुलीला आम्ही एवढे सगळे सांगू शकलो नाही. पण पुढच्या आठवड्यात तिच्या बाई वर्गाला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी जारचे बूच काढून एक पट्टी तळापर्यंत बुडवली आणि बाहेर काढून हवेत धरली. जिथवर पांढरे दव जमले तिथवर नायट्रोजन होता. मुलांनी मोजले, १४ सेंटिमीटर. डॉक्टरांनी वहीत तारीख घालून आकडा लिहिला.