जकात नाक्यापासून भरपाईपर्यंत

शहरात खपासाठी, वापरासाठी किंवा विक्रीसाठी येणाऱ्या मालावर वेशीपाशीच घेतला जाणारा कर म्हणजे जकात. शब्द मूळचा अरबी. मराठेशाहीत वाटेवरच्या मालावरही जकात द्यावी लागे आणि तिच्या वसुलीचे काम कमाविसदारांकडे असे. मुंबई इलाख्यातील ही वाटजकात इंग्रजांनी 1838 च्या कायद्याने बंद केली. 1850 च्या कायद्यान्वये नगरपालिका स्थापन होऊ लागल्या, तेव्हा जकात शहराचा कर म्हणून परतली. घरपट्टी थेट घरमालकाच्या खिशातून जाई, म्हणून तिला विरोध होई. जकात मालाच्या किमतीत मिसळून जाई. 1882 मध्ये लॉर्ड रिपन यांच्या ठरावाने स्थानिक स्वराज्याला चालना मिळाली. त्या स्वराज्याचा खर्च अनेक गावांत जकातीवर चाले.

नाक्यावर ट्रक थांबला की चालक बिल आणि बिल्टी घेऊन खिडकीशी जाई. कारकून मालाचा प्रकार व किंमत पाहून जकात आकारी. शंका आल्यास ताडपत्री सोडून माल तपासला जाई. पावती हाती पडेपर्यंत मागे रांग वाढत राही. वेळ आणि इंधन वाया जाई, चिरीमिरीलाही वाव मिळे. मात्र पैसा रोजच्या रोज पालिकेच्या तिजोरीत जमा होई आणि शहराचा व्यापार वाढला की उत्पन्नही आपोआप वाढे. जकातीचे बळ यातच होते.

1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी 18 विषय नमूद केले. करांची अशी यादी मात्र दिली नाही. कोणता कर पालिकेला द्यायचा, हे राज्याच्या कायद्यावर सोडले. त्यामुळे कामे वाढली, तरी उत्पन्नाची सूत्रे राज्याकडेच राहिली.

महाराष्ट्रात नगरपालिकांची जकात 1999 मध्ये रद्द होऊन तिच्या जागी राज्याचे अनुदान आले. महापालिकांत 2010 पासून टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, लागू झाला. नाक्याऐवजी व्यापाऱ्याच्या हिशेबवह्यांवर आधारलेल्या या कराला 2013 मध्ये व्यापाऱ्यांनी बंद पुकारून विरोध केला. 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना त्यातून सूट मिळाली. मुंबईत मात्र जकात टिकली; मुलुंड, दहिसर, ऐरोली, मानखुर्द येथील नाके चालूच होते.

2016 च्या 101 व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतील 52 वी नोंद, म्हणजे जकातीचा घटनात्मक आधारच, वगळली. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला आणि मुंबईचे नाकेही बंद झाले. महापालिकांसाठी राज्याने भरपाईचा कायदा केला: 2016-17 हे आधारवर्ष आणि दरवर्षी 8 टक्के चक्रवाढ. रस्ते मोकळे झाले, मालवाहतूक सुकर झाली. पण भरपाईचे सूत्र राज्य ठरवते आणि शहराची बाजारपेठ कितीही वाढली, तरी भरपाई त्या सूत्रानुसारच मिळते. महापालिकेच्या हाती राहिलेला मोठा स्वतःचा कर म्हणजे मालमत्ता कर; त्याची वाढ नगरसेवकांना मतदारांसमोर उभे राहून मंजूर करावी लागते.